एका डोळ्याचा घोडा आणि परत बोलावलेले इंजिन



बाजारातून आणलेली वस्तू सदोष निघाली की आपण ती परत करायला जातो. दुकानदार भला असला तर बदलून देतो, नसला तर "तुम्हीच नीट वापरली नाही" असे ऐकवतो. परंतु विकणारा स्वतः गिऱ्हाइकाचे घर शोधत येतो आणि म्हणतो, "तुम्हांला दिलेल्या मालात आमच्याकडून दोष राहून गेला आहे, घेऊन या, फुकट दुरुस्त करून देतो," असा अनुभव आपल्यापैकी कितीजणांच्या गाठीशी असेल? मोटारींच्या धंद्यात मात्र हे नेहमी घडते. त्याला रिकॉल म्हणतात, म्हणजे विकलेली गाडी दोष काढण्यासाठी परत बोलावणे. अमेरिकेत १९६६ साली यासाठी कायदा झाला आणि १९७४ पासून अशी दुरुस्ती फुकट करून देणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. आपल्या देशात २०१२ पासून कंपन्या स्वेच्छेने गाड्या परत बोलावू लागल्या. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने तसा हुकूम देण्याचा अधिकार सरकारलाही मिळाला. २०२१ साली नाशिकच्या कारखान्यात दूषित इंधन आल्याच्या संशयावरून महिंद्रा कंपनीने सहाशेच्या आतबाहेर डिझेल गाड्या इंजिनाच्या तपासणीसाठी परत मागवल्या होत्या, हे काहींच्या वाचनात आले असेल.

हा विषय आज काढण्याचे कारण असे की, आपल्या धर्मग्रामातल्या एका कुटुंबाचा मुलगा काही वर्षांपासून अमेरिकेत टेक्सास राज्यात राहतो. एसी बसवण्याचा आणि दुरुस्तीचा त्याचा स्वतःचा छोटा धंदा आहे. त्याला पिकअप घ्यायची आहे. पिकअप म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर भाजी-फुले भरून पहाटे दादरला निघालेली गाडी येते. तिकडची पिकअप वेगळी. पुढे पाचजणांचे कुटुंब ऐसपैस बसते, मागे उघडा हौदा असतो आणि त्याच्याही मागे अवजारांचा ट्रेलर जोडता येतो. त्याच्या वस्तीतले एक निवृत्त गृहस्थ आपली २०२२ सालची टोयोटा टुंड्रा पडत्या भावात विकायला निघाले आहेत. पडत्या भावात का, तर तिचे इंजिन रिकॉलमध्ये आहे आणि अजून बदललेले नाही. "फादर, घेऊ की नको?" असे त्याने मला फोनवर विचारले. त्याच्या मते प्रश्न सुरक्षिततेचा होता. बोलता बोलता लक्षात आले की, त्या प्रश्नाच्या पोटात दुसराही एक प्रश्न आहे.

आधी दोष कोणता ते पाहू. टुंड्राचे जुने आठ सिलिंडरचे इंजिन दणकट म्हणून नावाजलेले होते. लुइझियानातल्या एका गृहस्थाने २००७ सालची टुंड्रा २०१६ पर्यंत दहा लाख मैल चालवली, तेव्हा कंपनीने कौतुकाने ती गाडी अभ्यासासाठी मागून घेतली आणि त्याला नवी दिली. २०२२ च्या मॉडेलपासून कंपनीने त्याऐवजी सहा सिलिंडरचे, दोन टर्बो असलेले ३.४ लिटरचे इंजिन बसवले. मे २०२४ मध्ये तिने जाहीर केले की, २०२२ आणि २०२३ च्या काही गाड्यांत इंजिनाचे भाग कातताना निघालेला धातूचा कीस पुरता साफ न होता आत राहिला असण्याची शक्यता आहे. लेथवर काम करणाऱ्या आपल्या मंडळींना याचा अर्थ सांगायला नको. क्रँकशाफ्ट ज्या बेअरिंगमध्ये फिरतो तिथे तेलाचा पातळ थर असतो. त्या थरात कीस शिरला की बेअरिंग खरवडते. इंजिन ठोकू लागते, आणि कधी भर महामार्गावर वेगात असताना बंद पडते. अशा सुमारे १ लाख २ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि इंजिनच बदलून देण्याचे ठरले. नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी सुमारे १ लाख २७ हजार गाड्या या यादीत आल्या.

हे काही एकाच कंपनीचे दुखणे नाही. जनरल मोटर्सने एप्रिल २०२५ मध्ये आपल्या ६.२ लिटरच्या इंजिनामुळे अमेरिकेतल्या ५,९७,६३० गाड्या परत बोलावल्या. त्यांत सिल्व्हराडो आणि सिएरा या पिकअपही होत्या. तिच्याकडे २८,१०२ तक्रारी जमा झाल्या होत्या, म्हणजे साधारण एकवीस गाड्यांमागे एक. तिथे उपाय वेगळा ठरला. गाडी तपासायची; नापास झाली तर इंजिन दुरुस्त करायचे किंवा बदलायचे, पास झाली तर अधिक दाट तेल भरून परत द्यायची. दाट तेलावर घरी आलेल्या त्या गाडीवाल्यांच्या मनाला किती स्वस्थता लाभली असेल, ते तेच जाणोत.

मुलाचा पहिला सवाल होता की, जी कंपनी स्वतःच चूक झाली म्हणते तिच्यावर विश्वास ठेवायचा कसा? संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात खरेदी-विक्रीतल्या फसवणुकीवर एक पूर्ण प्रकरण लिहिले आहे. तिथे ते म्हणतात की, वस्तूतला दोष विकणाऱ्याला ठाऊक नसेल तर विकताना त्याच्याकडून पाप घडत नाही. मात्र पुढे दोष कळला की, घेणाऱ्याचे नुकसान भरून देणे त्याच्यावर बंधनकारक होते. रिकॉलचे तत्त्व याहून वेगळे नाही. दोष राहणे हा कारखान्यातला हलगर्जीपणा म्हणा, अपघात म्हणा; नैतिक प्रश्न खरा सुरू होतो तो दोष कळल्याच्या दिवसापासून. म्हणून रिकॉल झालेली गाडी वाईट आणि न झालेली चांगली असा हिशेब मला पटत नाही. रिकॉल न झालेल्या गाडीत दोष नाही असेही असेल, किंवा कोणी अजून बोललेले नाही असेही असेल.

तरी कंपनीच्या गळ्यात हार घालायची घाई नको. २०२४ च्या त्या यादीत टुंड्राची हायब्रिड गाडी नव्हती. इंजिन बंद पडले तरी विजेच्या मोटरवर ती थोडी पुढे सरकू शकते, म्हणून रस्त्यावरचा धोका त्या व्याख्येत बसत नाही, असे कारण देण्यात आले. कायद्याच्या भाषेत ते बरोबरही असेल. परंतु इंजिन गेले तर हायब्रिडवाल्याचेही गेलेच की! कायदा सुरक्षिततेपुरता पाहतो, न्यायाला त्याहून पुढे पाहावे लागते.

आता धोक्याचे. शंका असताना कृती करावी की नाही, यावर नीतिशास्त्रज्ञांनी काही शतके वाद घातला आहे. १५७७ मध्ये सालामांकाच्या बार्तोलोमे दे मेदिना या डोमिनिकन पंडिताने मांडले की, एखाद्या मताला चांगला आधार असेल तर विरुद्ध मताला अधिक आधार असला तरी त्याप्रमाणे वागायला हरकत नाही. यातून नको तितकी सूट मिळते असे पुष्कळांना वाटले, आणि अठराव्या शतकात संत अल्फोन्सस लिगोरी यांनी मधली वाट काढली. सेमिनरीत हा भाग शिकताना आमच्यातल्या अर्ध्या मुलांना झोप यायची. परंतु त्यातला शिकाऱ्याचा दाखला कोणी विसरले नसेल. झुडपात काहीतरी हलते आहे. बहुधा हरीण असावे, कदाचित माणूस असेल. बहुधा हरीण आहे, एवढ्या आधारावर गोळी झाडता येत नाही. जिथे दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे तिथे अधिक सुरक्षित मार्गच धरावा लागतो.

हे इंजिन बहुधा ठीकच असेल. या गाड्यांपैकी पुष्कळशा बिनतक्रार धावल्या आहेत. तोटा फक्त पैशाचा असता तर मी त्याला सांगितले असते, तुझे पैसे, तुझा विचार. परंतु मागे ट्रेलर, आत दोन मुले आणि पाठीमागून शंभरच्या वेगाने येणारा परका माणूस, ज्याला या व्यवहारात कोणी विचारलेलेच नाही. म्हणून इंजिन बदलेपर्यंत ती गाडी महामार्गावर काढायची नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. उलट बाजूही सांगितली. इंजिन बदलल्याचा कागद हातात आला की, मग नव्याही इंजिनात काही राहिले असेल का म्हणून रात्री जागत बसू नये. शंभर टक्के खात्री मागणाऱ्याने बैलगाडीतही बसू नये, बैल उधळतात.

गाडीचा सतरा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक महामार्ग सुरक्षेच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की, तिच्यावर कोणता रिकॉल बाकी आहे ते कोणालाही कळते. त्यासाठी पैसे पडत नाहीत. मुलाने ते केले होते. आणि शोधता शोधता त्याला समजले की, रिकॉलची दुरुस्ती गाडीला मिळते, मालक कोणीही असो. म्हणजे त्याने आज गाडी घेतली तर नवे इंजिन फुकट त्यालाच मिळणार. म्हाताऱ्या गृहस्थांना हे नीट ठाऊक नव्हते. कंपनीचे पत्र त्यांना आले होते. इंजिनासाठी फार दिवस थांबावे लागते असे कोणी सांगितले, तेव्हा त्यांनी पत्र बाजूला ठेवले आणि गाडी नासली असे मनाशी धरून चालले.

हाच तो पोटातला प्रश्न. मी विचारले, "त्यांना सांगितलंस का?"

तो म्हणाला, "फादर, किंमत त्यांनी स्वतः सांगितली. मी एक पैसा कमी करायला लावला नाही. पत्र त्यांच्याच घरात आहे. मी खोटं काय बोललो?"

खोटे तो बोलला नव्हता. सिसरोने कर्तव्यावरच्या आपल्या ग्रंथात असाच वाद नोंदवला आहे. दुष्काळात ऱ्होड्सला धान्य घेऊन पोहोचलेल्या व्यापाऱ्याला ठाऊक आहे की, मागून आणखी जहाजे येत आहेत. त्याने ते गिऱ्हाइकांना सांगावे की गप्प राहून चढा भाव घ्यावा? एक तत्त्वज्ञ म्हणतो, सांगितलेच पाहिजे. दुसरा म्हणतो, न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. सिसरो पहिल्याच्या बाजूने कौल देतो. अक्वायनस या व्यापाऱ्याबाबत सौम्य आहेत. पुढे भाव उतरेल हे सांगण्यास न्यायाने तो बांधलेला नाही. सांगितले तर तो अधिक सद्गुणी, एवढेच ते म्हणतात. मुलाला हे ठाऊक असते तर त्याने अक्वायनसांनाच वकील केले असते!

परंतु इथे प्रश्न उद्याच्या भावाचा नाही. गाडी आज जशी उभी आहे तशी तिच्याबरोबर नव्या इंजिनाचा हक्क आहे. तो म्हाताऱ्यांच्या मालमत्तेचा भाग आहे आणि त्यांना त्याचा पत्ता नाही. संत ऑगस्टीन आपल्या ओळखीच्या एका माणसाची गोष्ट सांगतात. त्याच्याकडे एकजण पुस्तक विकायला आला, त्याचे मोल ठाऊक नसल्याने अगदी थोडे मागू लागला. त्या माणसाने त्याच्या हातावर रास्त किंमत ठेवली, जी विकणाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हती. स्वस्तात घ्यावे आणि महाग विकावे ही इच्छा सगळ्यांच्याच मनात असते, हे समजण्याबद्दलच ऑगस्टीन तिथे लिहीत आहेत, आणि तसे सरसकट म्हणता येत नाही याचा हा दाखला देतात. विकणाऱ्याने दोष लपवू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. घेणाऱ्याने गुण लपवू नये, हे मात्र कोणी शिकवत नाही. घासाघीस करणारा हुशार आणि घबाड मिळवणारा नशीबवान, असे आपणच जेवताना कौतुकाने सांगतो. जमिनीच्या व्यवहारात आपल्या भागात हे किती झाले! रस्ता कुठून जाणार हे ज्याला आधी कळले त्याने न कळलेल्याकडून गुंठे घेतले. त्याविषयी मी इथे अधिक लिहीत नाही.

मी त्याला असे सुचवले की, म्हाताऱ्यांना पत्राचा अर्थ समजावून सांग. मग भाव त्यांनी पुन्हा ठरवावा. वाट पाहण्याचा त्रास आणि काही महिन्यांची खोटी तू सोसणार असशील तर त्याबद्दल किंमत कमी माग, तो तुझा हक्क आहे. तेवढेच माग.

विकण्याचाही प्रश्न निघालाच. पाच वर्षांनी तो ही गाडी काढील, तेव्हा घेणाऱ्याला हा इतिहास सांगायचा का? अक्वायनस म्हणतात की, घोडा एका डोळ्याचा असेल तर ते घेणाऱ्याला दिसते, तिथे किंमत उतरवली की पुरे, सांगितलेच पाहिजे असे नाही. दोष आत दडलेला आणि धोक्याचा असेल तर सांगायलाच हवे. घोड्याचे दात पाहता येतात, इंजिनाचे दात कोण पाहणार? इंजिन बदललेले असेल तर तो आता दोष नाही, कागद दाखवला की झाले. न बदलता गुपचूप पुढे ढकलणे मात्र चालणार नाही, कायद्यात बसत असले तरी. आणि तिथल्या संघराज्याच्या कायद्यात ते बसते! रिकॉल बाकी असलेली नवी गाडी विक्रेत्याला विकता येत नाही, भाड्याने देणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाही २०१६ पासून ती रस्त्यावर काढता येत नाही; जुनी गाडी विकायला मात्र तो कायदा आडवा येत नाही. जुनी गाडी घेणारा बहुधा हात आखडूनच घेणारा असतो. धोका त्याच्या दारी पाठवायचा, ही रीत मला समजत नाही.

मुलाने सगळे सांगितले. म्हातारबुवांनी पत्र शोधून काढले, कंपनीच्या विक्रेत्याकडे नाव नोंदवले आणि आता म्हणतात की, नवे इंजिन बसले की गाडी विकायची की ठेवायची ते मग ठरवू. म्हणजे ती या पोराच्या हातून जाण्याचीच शक्यता जास्त. त्याची बायको यावरून थोडी नाराज आहे, असे त्याच्या आईने मला मागच्या रविवारी मिस्सानंतर सांगितले. तूर्त तो आपल्या जुन्याच व्हॅनवर काम भागवतो आहे, आणि दुसरी एक गाडी त्याने पाहून ठेवली आहे. तिचाही ओळखक्रमांक त्याने तपासायला घेतला आहे.

तुमचा,
फादर