योगक्षेम आणि आपली ओंजळ

भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायातील २२ व्या श्लोकात श्रीभगवंतांनी अनन्य भक्ताच्या योगक्षेमाचा भार स्वतःवर घेतला आहे. योग म्हणजे जे नाही ते लाभणे आणि क्षेम म्हणजे जे आहे ते टिकणे. मुलीचे लग्न, पावसावर विसंबलेले शेत, म्हातारपणीची औषधे, संसारी मनुष्याच्या साऱ्या चिंता या एका शब्दात येतात. मग भार देवाने घेतला असता सज्जनांच्या घरी दारिद्र्य का यावे?

या प्रश्नासाठी तर्काकडे न जाता देहूकडे पाहावे. जगद्गुरू तुकोबारायांचे घराणे महाजनांचे, व्यापार व सावकारी करणारे. इ. स. १६३० च्या सुमारास महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. व्यापार बुडाला, प्रथम पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेल्या, पाठोपाठ पुत्रही गेला. देवाने सांभाळले असे म्हणावे, असे घरात फारसे काही उरले नाही. अशा वेळी तुकोबांनी कर्जाची खतपत्रे काढली. निम्मी धाकटे बंधू कान्होबा यांच्या स्वाधीन केली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीच्या डोहात सोडली, असे परंपरा सांगते. बंधूंचा वाटा त्यांनी बुडविला नाही, हे नीट ध्यानी घ्यावे. आपला विश्वास आपल्या हिश्श्यापुरता. दुसऱ्याच्या पोटावर त्याचा भार टाकण्याचा अधिकार भक्तालाही नाही. आणि जी खते बुडाली, त्यांतील ऋणकोही त्याच दुष्काळाने गांजलेले होते. तुकोबांची सुटका झाली ती त्यांच्याबरोबरच.

पूर्वज विश्वंभरबाबांनी उभारलेले विठ्ठलमंदिर त्या सुमारास मोडकळीस आले होते. हाती द्रव्य नव्हते. तुकोबांनी स्वतःच्या कष्टाने त्याचा जीर्णोद्धार केला.

देणगी देताना अनेकांस आपल्या लहान रकमेचा संकोच वाटतो. तो बाळगू नये. त्याच नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ, पाणी एवढ्याच वस्तूंची नावे घेतली आहेत, आणि त्यांतील पाणी तर कोणासही विकत आणावे लागत नसे. उलट, घरातील आजाऱ्याच्या औषधाचे पैसे दानपेटीत टाकून कोणी देवावर हवाला ठेवू म्हणेल, तर त्यास आम्ही नम्रपणे परत पाठवू. ते औषध हेही क्षेमच होय.

तुकोबांच्या कथेत जिजाबाईंना अनेकदा कजाग ठरविले जाते. हे आम्हांस पटत नाही. खते नदीत गेली, तरी चूल त्यांनाच पेटवायची होती. विठ्ठलाशी त्या भांडल्या, त्याला बोल लावले. परंतु पती भंडारा डोंगरावर नामस्मरणात असताना भाकरीची शिदोरी घेऊन त्या डोंगर चढत. एकदा वाटेत त्यांच्या पायात काटा रुतला, आणि ज्याला त्या रोज बोल लावीत, त्यानेच तो काढला, असे भाविक सांगतात.