लक्कम्मांचे माप



या महिन्याचे निरूपण एका पत्रापासून सुरू करावे लागत आहे. पत्र बैहरचे आहे. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, मैकल डोंगररांगेजवळ, सालवनांच्या आणि धानाच्या मुलखात हे गाव. नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेले आपले एक वाचक, पेशाने शिक्षक, लिहितात : ‘शेजारच्या तरुण मुलाने जीव देण्याचा प्रयत्न केला. वेळीच उपचार मिळाले म्हणून वाचला. आता घरी आहे, पण बोलत नाही. भेटीस आलेल्या एका वडीलधाऱ्यांनी त्याच्या तोंडावरच हे महापाप असल्याचे सुनावले. आई रात्रभर दारात बसून असते. काही विचारावे तर त्याच्या मनात पुन्हा तेच येईल, ही सगळ्यांना धास्ती. मी काय करावे?’

मासिक निघेपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नव्हती. उत्तर त्याच दिवशी फोनवर दिले. तेच येथे सविस्तर मांडतो, कारण असे घर बैहरलाच आहे असे नाही. २०२२ साली आपल्या देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत महाराष्ट्र पहिला आणि मध्य प्रदेश तिसरा होता.

आधी पापाचे बोलू. जीव देणे योग्य, असे कोणी शरण म्हणणार नाही. परंतु ज्याला जगणेच असह्य झाले त्याला पापी म्हटल्याने त्याचे ओझे हलके होते की वाढते, एवढाच विचार करावा. शरणांनी पंचसूतके झुगारली. मृत्यूचा विटाळ मानला नाही. असे असता ज्या घरी असा प्रसंग घडला त्या घरचे पाणी प्यायला आपण कचरतो, त्या घरची सोयरीक टाळतो, हे कोणते शरणत्व? देहाला देऊळ मानणाऱ्या परंपरेचे आपण. देवळाला तडा गेला तर आपण गवंडी बोलावतो, देवळाला शिव्या देत बसत नाही.

आता आयदक्की मारय्या आणि शिवशरणी लक्कम्मा यांच्याकडे वळू. कल्याणात मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणण्याचे कायक करीत. एके दिवशी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घरी आले. लक्कम्मांनी लगेच विचारले आणि जास्तीचे परत टाकून यायला लावले. ही कथा आपण निर्लोभतेसाठी सांगतो, ते योग्यच आहे. पण बैहरचे पत्र वाचल्यापासून मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसू लागली. लक्कम्मांना रोजचे माप ठाऊक होते, म्हणून फरक कळला. आणि फरक कळताच त्यांनी सरळ विचारले.

आपल्या घरातल्या माणसाचे रोजचे माप आपल्याला ठाऊक असते का? किती जेवतो, किती झोपतो, कोणाशी हसतो? झोप उडते, जेवण तुटते, पारावर येणे बंद होते, आवडीची वस्तू दुसऱ्याला देऊन टाकली जाते, ‘माझे ओझे झाले आहे तुम्हाला’ असे शब्द निघतात. धान गेले, कर्ज थकले, घरात भांडण झाले, दारू वाढली, आजार लांबला, अशी कारणे बहुधा एकात एक गुंतलेली असतात. एकच कारण शोधून त्यावर दोष ठेवणे सोपे असते, पण बहुतेक वेळा ते खरे नसते.

आणि विचारावे. ‘तुला जगणे नकोसे वाटते का? जीव द्यावा असे मनात येते का?’ इतके स्पष्ट विचारावे. विचारल्याने हा विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. या विषयाच्या अभ्यासकांनी ती तपासून पाहिली आहे. पुष्कळदा विचारल्याने माणसाला हायसे वाटते. उत्तर ‘होय’ आले तर उपदेश करू नये, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये. त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. बैहरहून घाट उतरून बालाघाटचे जिल्हा रुग्णालय गाठावे लागते, ही अडचण खरी आहे. पण १४४१६ हा टेलीमानसचा दूरध्वनी दिवसरात्र विनामूल्य आहे. हिंदीत बोलता येते, मराठीतही. एकदा प्रयत्न करून वाचलेल्या माणसाला पुढचे काही महिने अधिक जपावे लागते, हे विशेष लक्षात ठेवावे.

पोलिसांच्या भीतीने काही घरे दवाखाना टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो २०१८ पासून लागू आहे, अशा माणसावर तीव्र ताण होता असेच धरले जाते आणि त्याच्यावर उपचार करणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले आहे. जुन्या दंडसंहितेतले ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत उरलेले नाही.

फवारणीचे औषध घरात ठेवू नये. ठेवणे भागच असेल तर कुलपात ठेवावे आणि किल्ली दुसऱ्याकडे असावी. श्रीलंकेने अतिविषारी औषधांवर बंदी आणली, आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. ती लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते. तेवढा वेळ हाताशी काही नसले की माणूस वाचतो.

हे सारे मोठ्या तज्ज्ञांनीच करायचे, असेही नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवले. उदासीच्या आजारावर मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. दासोह म्हणजे केवळ अन्नाची पंगत अशी आपली समजूत झाली आहे. वेळेचाही दासोह असतो.

मुलगा जरा सावरला की त्याला त्याच्या कायकाकडे हळूहळू येऊ द्यावे. शिक्षा म्हणून नव्हे आणि एकदम पूर्ण भारही नको. बांधावर फेरी, जनावरांना चारा, इतके पुरे.

गुरुजी, आपण शाळा सुटल्यावर रोज त्या घरी जा. तो बोलला नाही तरी शेजारी बसा. आणि आज त्या माउलीला सांगा, ‘तुम्ही झोपा, दारात मी बसतो.’