नोकरीशी बांधलेला मुक्काम आणि सुटा मुक्काम

परदेशातील कायम वास्तव्याच्या दर्जाविषयी, म्हणजे ज्याला सर्रास ग्रीन कार्ड किंवा पीआर म्हटले जाते त्याविषयी, मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा सोयींच्या यादीपलीकडे जात नाही: घरकर्ज सुलभ होते, ये-जा निर्धास्त होते, अमेरिकेत साधारणपणे पाच वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. यादी खोटी नाही. परंतु या सोयी ज्या एका गोष्टीच्या आधारावर उभ्या आहेत ती गोष्ट तीत येत नाही, आणि ती समजून घेण्यास न्यू जर्सीपेक्षा मुंबईच्या गिरणगावातील काळाचौकी अधिक उपयोगी आहे.

तिथल्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ च्या परिसरातील चाळींत कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार गिरणीच्या हिशेबी दोन प्रकारचा असे: एक कायम, आणि दुसरा बदली, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी त्या दिवसापुरता घेतला जाणारा व त्यासाठी रोज फाटकाशी तिष्ठणारा. गिरणगावाविषयीच्या चर्चेत या भेदाला मोठे वजन आहे. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने आणि त्यानंतरच्या गिरणीबंदीने कायम कामगाराचीही नोकरी नेली, आणि तेव्हा निर्णायक ठरला तो निराळाच भेद. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याखाली ज्याच्या नावावर खोली होती, त्याला रीतसर भाडे भरत असेपर्यंत काढणे घरमालकाला अवघड होते, त्याच्यामागे सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे तो हक्क जात असे, आणि तो कोठे कामाला आहे, किंबहुना कामाला आहे की नाही, याच्याशी कायद्याला कर्तव्य नव्हते. गावकीच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक, खोलीत पथारीपुरती जागा असलेल्याला, किंवा नोकरीपोटी जागा मिळालेल्याला, हे संरक्षण नव्हते. पगार थांबताच अनेकांनी गाव गाठले.

परदेशातील कायम वास्तव्याचा खरा लाभही हाच: मुक्काम नोकरीपासून सुटा होणे.

यावर एक आक्षेप हटकून घेतला जातो. खरे मोल नागरिकत्वाचे, कायम निवासी म्हणजे मताधिकार नसलेला अर्धा माणूस, असे म्हटले जाते. परंतु गिरणी कामगार पूर्ण नागरिक होता. संविधानाच्या कलम १९ ने देशात कोठेही वसण्याचे स्वातंत्र्य त्याला दिले होते, मतही दिले होते, आणि तरीही त्याचे मुंबईत राहणे मतपत्रिकेने नव्हे तर भाडेपावतीने ठरले. पदपथवासीयांच्या १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, परंतु पदपथावर राहण्याचा हक्क मानला नाही, आणि ते सारे नागरिकच होते. नागरिकाला देशाबाहेर घालवता येत नाही आणि कायम निवाशाला गंभीर गुन्ह्यापायी घालवता येते, हे मान्यच. दीर्घकाळ बाहेर राहिल्यास तो दर्जा गमावण्याचाही धोका असतो. पण मालकासमोर मान ताठ ठेवण्याचे बळ नागरिकत्वाची शपथ घेण्याच्या कितीतरी आधी, कार्ड हाती येते तेव्हाच येते. मत काही वर्षांनी एकदा द्यायचे असते. मालकाशी गाठ रोजची असते.

आणखी दोन आक्षेप राहतात. स्थलांतरित तात्पुरता असला तरच राबतो हा युक्तिवाद बदलीच्या पद्धतीइतकाच जुना आहे, त्यात अधिक काही नाही. आणि स्थानिकांचा हक्क आधी, हा भूमिपुत्रांचा वाद कोणी राहावे याविषयी आहे, राहणे कशावर अवलंबून असावे याविषयी नाही.

अमेरिकेत एच-१बी या नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर असलेला मराठी अभियंता, पगार कितीही असो, जणू गिरणगावातल्या त्या नोकरीपोटी मिळालेल्या खोलीतच राहतो. नोकरी गेली की नवा मालक शोधण्यास किंवा देश सोडण्यास त्याला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. रोजगाराधारित ग्रीन कार्डांत एका देशात जन्मलेल्यांचा वाटा सर्वसाधारणपणे सात टक्क्यांवर रोखलेला असल्याने भारतीयांची रांग वर्षानुवर्षे सरकत नाही, आणि दरम्यान मूल एकवीस वर्षांचे झाले की आईवडिलांच्या व्हिसावर त्याला राहता येत नाही. एच-१बीवर असताना मालक बदलायचा तर प्रत्येक वेळी नव्या मालकाने सरकारकडे अर्ज करावा लागतो. ग्रीन कार्ड मिळाल्यावर तो लागत नाही.