न पाहिलेले वाचक

वाचनालयातून पुस्तक घरी आणलं, की मी आधी त्याचं शेवटचं पान उघडतो. तिथं तारखांचा कागद चिकटवलेला असतो, शिक्क्यांवर शिक्के. एवढ्या घरांत हे पुस्तक जाऊन आलं. कुणी उशाशी ठेवलं, कुणी पानाचा कोपरा दुमडला. लिहिणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

अशा वेळी मला बहिणाबाई चौधरी आठवतात. असोदा माहेर, जळगाव सासर. लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात राबताना गाणी ओठांवर यायची. मुलगा सोपानदेव आणि त्यांच्या मावसभावानं ती टिपून ठेवली, म्हणून उरली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. मग त्या गाण्यांची वही आचार्य अत्र्यांपर्यंत पोचली, ते हरखून गेले आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. पुढं शाळेच्या पुस्तकांतून ती किती मुलांच्या तोंडी बसली! त्यांतला एकही वाचक त्या माउलीला भेटला नाही.

आम्हा आजच्या लिहिणाऱ्यांना मात्र जिवंतपणी वाचक भेटतात. केवढं हे भाग्य! परवा एक पोस्टकार्ड आलं. ‘तुमचं पुस्तक रोज रात्री आईला वाचून दाखवलं,’ एवढंच लिहिलेलं. दिवसभर कामानं थकलेल्या माणसानं आपल्या रात्री मला दिल्या होत्या. लिहिण्याचे कष्ट माझे असतील, पण हे देणं मागून मिळत नाही.

कार्ड टेबलावरच आहे. आज सकाळी आधी त्याला उत्तर लिहायला बसणार आहे.