खाली ठेवलेली मेणबत्ती

सत्तेतल्या माणसाची बायको जरा पुढे आली, चार निर्णयांत बोलली, की तिला ‘लेडी मॅकबेथ’ म्हणून मोकळं व्हायचं, ही राजकीय लिखाणाची जुनी खोड आहे. १९९२ साली अमेरिकेतल्या एका मासिकाने हिलरी क्लिंटन यांना हेच नाव चिकटवलं. मला हा शेरा अन्यायाचा वाटतो. तो सगळी महत्त्वाकांक्षा बाईच्या नावावर मांडतो आणि अपराधाचं ओझं वाहण्याचा मान मात्र तिला देत नाही. शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ नाटक याच्या नेमकं उलट बोलतं.

‘मानाजीराव’पासून ‘राजमुकुट’पर्यंत मराठी रंगभूमीने ही कथा आपल्याला दाखवली आहे, ती पुन्हा सांगत नाही. शेक्सपिअरचा आधार होता हॉलिनशेडचा इतिहास. त्यातला मॅकबेथ सतरा वर्षं राज्य करतो आणि त्यातली पहिली दहा चांगली करतो. मॅकबेथचा साथीदार बँको राजाच्या खुनात सामील असतो. घरी मुक्कामाला आलेल्या राजाचा खून आणि नवऱ्याला त्यासाठी भरीला घालणारी बायको, हा तपशील त्याच ग्रंथातल्या डॉनवाल्डच्या कथेतला. शेक्सपिअरने दोन्ही कथा एकजीव केल्या, चांगल्या कारभाराची दहा वर्षं पुसून टाकली आणि मन खायला लागण्याची वेळ खुनाच्या आधी आणली. इथवर फारसा वाद नाही.

वाद आहे तो २ फेब्रुवारी १७८५ च्या रात्रीबद्दल. ड्रुरी लेनला सेरा सिडन्स पहिल्यांदा लंडनकरांसमोर लेडी मॅकबेथ म्हणून उभी राहिली. तिच्या आधी ही भूमिका गाजवणाऱ्या मिसेस प्रिचर्ड झोपेत चालण्याच्या प्रवेशात मेणबत्ती हातातून सोडत नसत. सिडन्सने ती खाली ठेवायचं ठरवलं. थिएटरचा चालक, नाटककार शेरिडन, प्रयोगाआधी तिच्या खोलीत येऊन विनवत होता की असं करू नका, लोक खपवून घेणार नाहीत. तिने ऐकलं नाही. प्रयोगानंतर त्यानेच तिचं अभिनंदन केलं.

हॅझलिटसारख्या समीक्षकांच्या आठवणींमुळे सिडन्स म्हणजे मानवी पातळीच्या वरची, भयंकर स्त्री, असं चित्र रूढ झालं. तिची स्वतःची टिपणं १८३४ मध्ये तिच्या चरित्रातून छापून आली आणि त्यांत तिच्या मनातली लेडी मॅकबेथ नाजूक, गोरी, जवळजवळ दुबळी आहे. नवरा आपली भीती बायकोपाशी ओकून टाकतो, ती मात्र कुणाजवळ बोलत नाही, म्हणून तिचं शरीर आधी कोसळतं, असं सिडन्सचं म्हणणं. टीकाकार याला भूमिका सौम्य करणं म्हणतात. मला ते पटत नाही. मेणबत्ती खाली गेली की दोन्ही हात मोकळे होतात आणि हात धुणं हे खरंखुरं, न संपणारं काम होऊन बसतं. त्या कामात मुकुटाची हाव कुठे दिसते? झोपेत ती सरदार मॅकडफच्या मारल्या गेलेल्या बायकोची आठवण काढते. त्या हत्येत तिचा काडीचा संबंध नव्हता. बँकोच्या खुनाचा बेतही नवऱ्याने तिच्यापासून लपवला होता. तरी हे सगळं तिच्याच झोपेत येतं. आणि तोवर मॅकबेथ? त्याला भीतीची चवही आठवत नाहीशी झालेली असते.

१९१६ मध्ये फ्रॉइडने प्रश्न विचारला की यश पदरात पडल्यावरच ही बाई का मोडते. त्याने अपत्यहीनतेकडे बोट दाखवलं, नवरा-बायको ही एकाच मनाची दोन शकलं असावीत हा मनोविश्लेषक येकेल्सचा तर्कही उचलला, आणि तरी कोडं पुरतं सुटलेलं नाही हे मान्य केलं. माझ्या मते त्याने तिसऱ्या अंकावर पुरेसा वेळ घालवला नाही. राणी होऊन फार दिवस झालेले नसतात. क्षणभर एकटी असताना ती स्वतःशी बोलते, की सगळं खर्ची घातलं आणि मिळालं त्यात समाधान नाही. म्हणजे मोडणं तेव्हाच सुरू झालेलं आहे, आणि तेही तिला कळतंय. तेवढ्यात नवरा येतो. ती यातला एक शब्दही त्याला सांगत नाही, उलट त्याचीच समजूत काढू लागते.