सांगून देणं

आमच्या धामणगाव बढेत कोणी अडलं तर नाही म्हणायची रीत नाही. चिखलात कोणाची गाडी रुतली, तर ज्याच्याशी वर्षभर बोलचाल नाही तोही चाकाला हात लावतो. पुढं पुन्हा बोलचाल बंद. गाडी निघाली की काम झालं; गाडीवानानं काढली की चार लोकांनी, हे कोणी विचारत नाही. बारावीच्या गणिताचं तसं नाही. तिथं गणित निघून जातं आणि पोरगं रुतलेलंच राहतं, असंही होतं. म्हणून गणितात मदत करायची म्हणजे काय करायचं, हा प्रश्न मला नोकरीभर छळत आला आणि पेन्शन सुरू झाल्यावरही त्यानं पिच्छा सोडला नाही.

आमच्या शाळेत एक वडीलधारे मास्तर होते. त्यांचा नियम कडक: उत्तर सांगायचं नाही. पोरगं रडो, पडो. "सांगून देलं का त्याचं डोकं बसलं," म्हणायचे. हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, आणि बरंचसं खरंही आहे. पण मास्तरांचा स्वतःचा मुलगा शहरात शिकवणीला होता, हेही गावाला ठाऊक होतं.

मागं एका डिसेंबरात शेजारच्या गल्लीतली एक पोरगी वही घेऊन आली. आईबाप मजुरीला, हीसुद्धा सुट्टीच्या दिवशी कापूस वेचायला जायची. वेचाईचा हिशेब किलोवर. उशिरा गेलं की तेवढे पैसे कमी. संध्याकाळचे साडेआठ झालेले. गणित होतं निश्चित संकलनाचं: शून्यापासून पाय बाय टूपर्यंत, वर साइन एक्स आणि खाली साइन एक्स अधिक कॉस एक्स. पोरगी म्हणाली, "सर, सांगूनच द्या न. मले पहाटी वावरात जायचं हाय."

आता इथं मास्तरांचा नियम लावून पाहा. तूच विचार कर, असं म्हणणं फार सोपं. पण विचार करायला वेळ लागतो आणि तिच्याकडचा वेळ मोजून किलोवर विकला जात होता. पुण्याच्या पोराला तासाभराचा घोळ परवडतो. त्याच्याकडे क्लास आहे, घरात शिकलेला बाप आहे, उद्याची संध्याकाळ आहे. हिला रिकामं परत पाठवून मी तिचं डोकं घडवलं असतं की फक्त माझं तत्त्व राखलं असतं?

उत्तर आहे पाय बाय फोर. तीन शब्द. ते वहीत लिहून दिलं असतं तर तिच्या हातात काय आलं असतं? काहीच नाही. परीक्षेत पायऱ्यांना गुण असतात, आणि पुढच्या गणितात आकडा तोच राहीलच असं नाही.

मी तिला वावर काढून दाखवलं. एक लांब पट्टा, दोन भाऊ. अलीकडच्या बांधाशी थोरल्याला काहीच नाही, सगळं धाकट्याचं. पुढं जावं तसा थोरल्याचा वाटा वाढतो, आणि पलीकडच्या बांधाशी सगळं त्याचंच. एका टोकापासून जितक्या पावलांवर थोरल्याला जितकं मिळतं, तितक्याच पावलांवर दुसऱ्या टोकापासून धाकट्याला तितकंच. "मंग सांग, एकूण कोणाले किती?" ती पटकन म्हणाली, "निम्मं-निम्मं." मी म्हटलं, आता एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स लिही, आणि दोन्ही संकलनं मिळव. तिनं लिहिलं. बेरीज एक आली, पट्ट्याची लांबी पाय बाय टू, त्याचं निम्मं. सारं मिळून वीस मिनिटं गेली असतील. मी काहीच सांगितलं नाही असं नाही; बरंच सांगितलं. पण निम्मं ती म्हणाली.

भास्कराचार्यांची लीलावती ११५०ची. आपल्या शेजारच्या खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटणला, त्यांच्या नातवानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख आहे. त्या ग्रंथात नियम दिला जातो आणि लगेच शिकणारीला उदाहरण घातलं जातं, येत असेल तर सांग म्हणून. नियम राखून ठेवत नाहीत, आणि सांगायची पाळी मात्र तिच्यावरच टाकतात. मला ही रीत आमच्या मास्तरांच्या नियमाहून शहाणी वाटते.

दुसऱ्या टोकाची मदत आपल्याच जिल्ह्यानं पाहिली. ३ मार्च २०२३ला बारावीच्या गणिताच्या पेपराची पानं सिंदखेडराजा भागात परीक्षेआधीच मोबाइलवर फिरली. त्या वर्षी राज्यात कॉपीमुक्त अभियान चालू होतं. विधिमंडळात गोंधळ झाला, पोलिसांनी लोक पकडले, त्यांत शिक्षकही निघाले. गावातले काही जण तेव्हा म्हणाले, गरिबाच्या लेकरांना थोडी मदत झाली तर काय बिघडलं? मला या वाक्याचा राग येतो. फुटलेला पेपर गरिबाकडे पोचतो तो सगळ्यात शेवटी, आणि पोचला तरी तो सोडवून द्यायला जवळ माणूस लागतोच. उलट ज्या पोरीनं वेचणी सांभाळून अभ्यास केला, तिच्याही गुणपत्रिकेकडे लोक जिल्ह्याचं नाव वाचून संशयानं पाहायला लागतात. तिला हे कोणी विचारून केलं होतं?

पूर्वी गाईड होतं, एकवीस अपेक्षित होतं. आता फोटो काढला की फोन पायऱ्या दाखवतो. मी फोनच्या विरोधात नाही. आडवळणाच्या गावाला तो फार मोठा आधार आहे. त्या पोरीनंही नंतर तेच गणित फोनला घातलं. फोननं वरच्या साइनचे दोन तुकडे पाडून वेगळ्याच वाटेनं पाय बाय फोर काढून दिलं. बरोबरच होतं. फक्त ती कुठं अडली होती हे त्यानं विचारलं नाही, कारण ती त्याच्यासमोर अडलीच नव्हती.

परीक्षेच्या आदल्या रात्री ती पुन्हा आली, दोन गणितं घेऊन. त्या रात्री मी वावर काढलं नाही की भाऊ आणले नाहीत. दोन्ही गणितं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ लिहून दिली आणि म्हटलं, पाठ कर आणि झोप. मास्तर असते तर रागावले असते. ती दारापर्यंत गेली, वही उघडली, तिथंच उभी राहिली. म्हणाली, "सर, साइनचा घन असला तरी निम्मंच येईन न?"

"येईन," मी म्हटलं. "आन पाचवा घात असला तं?"

ती हसली. "झोपू द्या न सर मले," म्हणाली आणि गेली.