वरच्या थराचा हक्क

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या दहीहंडीला मुंबई-ठाण्यातली नामवंत पथकं सलामी देतात. बहुतेक पथकांचा सराव गुरुपौर्णिमेला सुरू होतो. तिथून गोपाळकाल्यापर्यंत जेमतेम चाळीस दिवस. उरलेले दहा-अकरा महिने गोविंदाने शरीर कसं राखावं, हा त्याचा खाजगी प्रश्न आहे का? माझ्या मते नाही. पतंजलींनी अभ्यासाला तीन अटी घातल्या: तो दीर्घकाळ चालावा, त्यात खंड पडू नये आणि तो आदरपूर्वक व्हावा. योगी एकटा असतो, त्याचा अभ्यास तुटला तर तोटा त्याचाच. मनोऱ्यात मात्र खालच्या थरातल्याचा गुडघा वाकला की इजा वरच्यांना होते. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने 2012 मध्ये ठाण्यात नऊ थर रचून 13.34 मीटरचा विश्वविक्रम केला आणि 2025 मध्ये कोकण नगरच्या पथकाने ठाण्यातच दहा थर लावले. एवढ्या उंचीवर चढणाऱ्या पोराचा जीव खालच्यांनी वर्षभर केलेल्या तयारीवर उभा असतो. म्हणून बिनहंगामी मेहनत हे त्या पोराचं ऋण आहे. बक्षीस मिळो वा न मिळो, ते फेडायलाच हवं.

यावर कुणी म्हणेल, ही तर कृष्णाची लीला, उत्सवाचा आनंद. तिला बारमाही कसरतीला कशाला जुंपायचं? पण खेळणाऱ्यांचे जीव सुरक्षित नसतील तर ती लीला कसली? ऑगस्ट 2025 मध्ये दहिसरला सरावातच पडून अकरा वर्षांचा मुलगा गेला.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. पगारी क्रिकेटपटूकडून सुट्टीतही व्यायामाची अपेक्षा ठेवता येते, कारण त्याच्या करारात त्या दिवसांचेही पैसे असतात. गोविंदा मात्र दिवसभर नोकरी-धंदा करून रात्री मैदानात येतो. त्याच्यावर बारा महिन्यांचा धर्म लादायचा अधिकार कुणाला? हा आक्षेप खरा आहे, पण त्यामुळे कर्तव्य संपत नाही, त्याचे वाटेकरी वाढतात. 2022 मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, 2023 पासून प्रो गोविंदा स्पर्धाही भरते. खेळाचा मान आणि थरांवर लाखोंची बक्षिसं देणाऱ्यांनी व्यायामशाळा, प्रशिक्षक आणि गाद्या यांचा खर्चही वर्षभर उचलावा. टेंभी नाक्यासारख्या मानाच्या हंडीने बक्षिसातला ठरावीक वाटा कार्तिकापासूनच्या सरावासाठी राखून ठेवावा आणि ही सुरुवात ठाण्यातूनच व्हावी.